वैशाखात निभेल तेवढाच मासा

भाच्या, ऑस्कर पाळायचा म्हणतोस तर पाळ, मी आडवा येणार नाही. मासा देखणा आहे, घरातली माणसं ओळखतो, नीट ठेवला तर दहा-पंधरा वर्षं सोबत करतो. पण मोबाईलवर जी माहिती तू बघतोस ती बहुतेक मुंबई-कोलकात्याच्या, नाहीतर थेट परदेशातल्या घरांची असते. तिथलं ऊन वेगळं, पाणी वेगळं. आपल्या नांदेड-लातूरकडं मासा श्रावणात हौसेनं येतो आणि वैशाखात जातो. म्हणून माझ्या वस्तादांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तेच तुला सांगतो. टाकी किती मोठी, मासे किती, मोटर कोणती, पाणी कुठलं, जे ठरवशील ते मे महिना डोळ्यांपुढं ठेवून ठरव. पुढं जे सांगतोय ते सगळं या एका गोष्टीतूनच निघतं.

१. पिशवीतला मासा बघू नको, पुढच्या उन्हाळ्यातला बघ

दुकानात ऑस्कर दोन इंचांचा असतो. तीन-चार जण एका पिशवीत आरामात मावतात आणि दुकानदार म्हणतो, "जोडीच न्या, एकट्याला करमत नाही." त्याच्या बोलण्याला भुलू नको. हा मूळचा अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला. खाणं-पाणी मिळालं की पहिल्या वर्षी महिन्याला साधारण इंचभर वाढतो आणि पुरा वाढला की फुटाच्या घरात जातो. श्रावणात आणलेलं पिल्लू वैशाखात आठ-नऊ इंचांचं झालेलं असतं. म्हणजे मासा मोठा होणं आणि पारा ४३-४४ ला जाणं एकाच वेळी गाठ घालतात. तुझी परीक्षा पहिल्याच उन्हाळ्यात.

जोडीचं म्हणशील, तर ऑस्करमध्ये नर-मादी बाहेरून ओळखू येत नाही. दुकानातली जोडी म्हणजे नुसते दोन मासे. चार फुटी टाकीत एकच ऑस्कर ठेव. दोन हवे असतील तर सहा फुटी टाकी घे, आणि तेवढी जागा नसेल तर एकावरच समाधान मान. त्याला करमतं. तू समोर असलास म्हणजे झालं.

फ्लॉवरहॉर्नचाही विचार तुझ्या डोक्यात असेल. हा मासा निसर्गात कुठंच सापडत नाही. १९९० च्या दशकात मलेशियात मध्य अमेरिकेतल्या सिक्लिडांचे, म्हणजे ऑस्करच्याच कुळातल्या माशांचे, संकर करून तो काढला. डोक्यावरचं टेंगूळ जितकं मोठं तितका भाव, आणि अंगावरच्या काळ्या नक्षीत कुणाला आकडा किंवा अक्षर दिसलं की भाव आणखी चढतो. तो पाळल्यानं घरात पैसा येतो म्हणतात. जातो एवढं मी खात्रीनं सांगतो. एक फ्लॉवरहॉर्न म्हणजे एक टाकी, त्यात दुसरं कुणी नको. पॅरट हा तैवानचा संकर. त्याचं तोंड नीट मिटत नाही, त्यामुळं तापट माशाबरोबर ठेवला तर खाण्याच्या वेळी मागं पडतो. अंगात रंग टोचलेले किंवा अंगावर बदाम गोंदलेले पॅरट कुणी दाखवले तर त्या दुकानाची पायरी पुन्हा चढू नको. जग्वार आणि रेड डेव्हिल हे मासे पहिल्या टाकीसाठी नव्हेत. शांत मासा हवा असेल तर सेव्हेरम घे, तो सहा-आठ इंचांवर थांबतो.

घेताना दुकानदाराला समोर दाणे टाकायला सांग. धावून खातो तो घे. डोळे स्वच्छ हवेत, पाठीवरचा पर उभा हवा, पोट खपाटीला गेलेलं नको. विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी लोंबत असेल तर मासा कितीही देखणा असो, सोडून दे.

२. टाकी रुंदीनं आणि वजनानं मोज

गिऱ्हाईक टाकीची लांबी आणि उंची बघतं. मोठ्या माशाला रुंदी लागते, कारण त्याला अंग न घासता वळायचं असतं. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच ही ऑस्करसाठी कमीत कमी टाकी. दोन फूट रुंद मिळाली तर आणखी बरी. उंचीवर पैसे घालवू नको. उंच टाकीत पाणी वाढतं, पण हवेशी भिडणारा पृष्ठभाग तेवढाच राहतो.

आता हिशेब कर. चार गुणिले दीड गुणिले दीड म्हणजे नऊ घनफूट. एका घनफुटात २८ लिटरवर पाणी मावतं, म्हणजे काठोकाठ २५० लिटर. वर तीन इंच मोकळं सोडलंस तर २१० लिटर. पाणी, काच, लोखंडी स्टँड मिळून वजन तीनशे किलोच्या आसपास जातं. स्लॅबच्या घरात भिंतीला लागून, खाली तुळई असेल तिथं ठेव. आजोळच्या माळवदाच्या घरात माडीवर ठेवायचा विचारही करू नको. ती लाकडं माणसांसाठी आहेत.

स्टँडची पातळी गवंड्याच्या पाण्याच्या नळीनं तपास. एक कोपरा चार-पाच मिलिमीटर खाली असला तरी काचेच्या जोडावर ताण येतो आणि तो जोड मध्यरात्रीच सुटतो. काचेखाली थर्माकोलची शीट घाल. पश्चिमेच्या भिंतीला टाकी लावू नको, ती भिंत रात्री दहापर्यंत तापलेली असते. झाकण वजनदार कर, कारण हा मासा उडी मारतो. तळात रंगीत खडे, प्लास्टिकची झाडं, जहाज, सांगाडा यांतलं काही नको. ऑस्कर सगळं उपटून एका कोपऱ्यात लावतो आणि घाण खड्यांखाली कुजत राहते. तळ मोकळा ठेव, दोन-तीन मोठे गोल गोटे पुरे.

३. पाणी कुठून आलं ते आधी विचार

आपल्याकडं घरात तीन तऱ्हांचं पाणी येतं, आणि प्रत्येकाची खोड वेगळी.

नळाचं पाणी तुमच्याकडं लातूरला मांजरा धरणाचं, आमच्याकडं नांदेडला विष्णुपुरीचं. त्यात क्लोरीन असतं. उघड्या हौदात किंवा पिंपात दिवसभर ठेवलं, त्यात हवेचा दगड सोडला की बहुतेक उडून जातं. घाई असेल तर अँटीक्लोरीन घाल. ते म्हणजे सोडियम थायोसल्फेट, जुन्या फोटोवाल्यांचा हायपो. डबीवर लिहिलंय तेवढंच घाल. टँकरच्या पाण्याचा भरवसा धरू नको. कुणी त्यात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर मोजून टाकतं, कुणी ओंजळीनं. वास घेऊन बघ, आणि वास येत नसला तरी अँटीक्लोरीन घाल.

बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतं म्हणून लोक ते थेट टाकीत सोडतात. ते चुकीचं. जमिनीखालून आलेल्या पाण्यात प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साईड जास्त असतो. रात्रभर हवा देऊन मगच वापर. आसपास शेतं असतील तर खतांचं नायट्रेटही त्यात उतरलेलं असतं. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत पाणी एकदा तपासून घे. माशासाठी नाही तर तुमच्या स्वतःसाठी तरी घे.

आपला बहुतेक मुलूख काळ्या बसाल्ट खडकावर बसलाय, पाणी जड. साबणाला फेस येत नाही, नळाच्या तोटीवर पांढरा थर चढतो, ते हेच. सिक्लिडांना त्याची फार अडचण होत नाही. फ्लॉवरहॉर्नचे पूर्वज जड पाण्यातलेच. ऑस्कर मूळचा मऊ पाण्यातला असला तरी दुकानात येतो तो पिढ्यान् पिढ्या तळ्या-हौदांत वाढलेला असतो, निभावून नेतो. पीएच उतरवायच्या बाटल्या आणू नको. जड पाणी आज उतरलं तर उद्या पुन्हा चढतं, आणि माशाला त्या खाली-वर होण्याचाच त्रास जास्त.

पण या पाण्याची एक गोष्ट कायम ध्यानात ठेव. माशाच्या कल्ल्यांतून अमोनिया निघतो, आणि उरलेलं खाणं नि विष्ठा कुजूनही तो तयार होतो. पाण्यात तो दोन रूपांत राहतो. एक फारसं बाधत नाही, दुसरं विष. पीएच ७ आणि तापमान २५ अंश असेल तर विषाचा वाटा एक टक्क्याहूनही कमी असतो. पीएच ८.२ आणि तापमान ३० अंश झालं की तोच वाटा ११ टक्क्यांवर जातो. मासा तोच, खाणं तेवढंच, पण विष जवळपास वीसपट. मुंबईच्या मऊ पाण्यात जी हयगय खपून जाते ती आपल्याकडं का खपत नाही, हे यातून कळेल.

४. आधी विरजण लाव, मग मासा आण

टाकी भरली, पाणी काचेसारखं दिसतंय, म्हणून दुसऱ्या दिवशी मासा सोडायचा नसतो. अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजवर बसायला चार-सहा आठवडे लागतात. तोवर मासा स्वतःच्याच घाणीत राहतो. नुसतं दूध ठेवून दही लागत नाही, तसं नुसत्या नव्या फिल्टरनं काम होत नाही. जुन्या, चालत्या टाकीतला स्पंजाचा तुकडा आणून नव्या फिल्टरमध्ये घातला की हे काम पुष्कळ लवकर उरकतं. माझ्या टाकीतला स्पंज वस्तादांच्या टाकीतून आला, तुझ्या टाकीतला माझ्याकडून जाईल.

तो न्यायची रीत मात्र नीट पाळ. पाण्यानं भरलेल्या घट्ट पिशवीत स्पंज घालून नेलास तर लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला पोचेपर्यंत आतला प्राणवायू संपतो आणि जिवाणू गुदमरतात. स्पंज टाकीच्याच पाण्यात भिजवून हलका निथळायचा, डब्यात ठेवायचा, झाकणाला भोकं पाडायची. ओला आणि हवेशीर, दोन्ही हवं. बस उन्हाची नको, पहाटेची धर.

फिल्टर कधीही नळाखाली धुवायचा नाही. क्लोरीननं वर्षभराची कमाई एका मिनिटात जाते. टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा, तोही लख्ख करायचा नाही. आणि सगळे स्पंज एकाच दिवशी धुवायचे नाहीत.

फिल्टर कोणता घ्यायचा, तर एकावर विसंबू नको. एक टॉप फिल्टर आणि हवेच्या मोटरवर चालणारे दोन मोठे स्पंज फिल्टर. महागाचा कॅनिस्टर दुकानदार गळ्यात मारेल. तो वाईट नाही, पण लाईट गेली की काय होतं ते पुढं सांगतो.

५. उन्हाळ्याची तयारी फाल्गुनात

ऑस्करला २४ ते २८ अंश मानवतं. मे महिन्यात आपल्या खोलीतलं पाणी ३३-३४ ला सहज जातं. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. २५ अंशांना लिटरमागे ८ मिलिग्रॅमच्या आसपास, ३५ अंशांना ७ च्या आसपास. फरक थोडा वाटेल, पण त्याच वेळी माशाची भूक आणि श्वास वाढलेला असतो, कुजण्याचा वेगही वाढलेला असतो. मासा वर येऊन पृष्ठभागाशी तोंड उघडझाप करू लागला की समज, प्राणवायू पुरत नाही.

लोक काय करतात? फ्रीजमधली बर्फाची बाटली टाकीत सोडतात. एक लिटरची बाटली २१० लिटर पाण्यात सोडलीस तर सगळा बर्फ वितळेपर्यंत तापमान जेमतेम अर्धा अंश उतरतं. चार बाटल्या एकदम टाकल्या तर दोन अंश उतरतात आणि मग परत चढतात. त्यापेक्षा साधा टेबलफॅन घे. झाकणाऐवजी वर जाळी बसव, जाळी नीट आवळून बांध आणि पंख्याची हवा पाण्यावर तिरपी सोड. बाष्प उडतं तसं पाणी थंड होतं, दोन ते चार अंशांचा फरक पडतो. ही युक्ती मुंबईच्या दमट हवेत फारशी चालत नाही. आपली हवा मे महिन्यात कोरडी ठणठणीत असते, म्हणून इथं ती उत्तम चालते. ज्या हवेनं ओठ फुटतात तीच इथं उपयोगी पडते.

पंखा लावलास की रोज पाणी घटणार. वर भर घालताना एक लक्षात ठेव. वाफ होऊन जातं ते नुसतं पाणी, क्षार मागंच राहतात. बोअरच्या पाण्याची भर घालत राहिलास तर महिनाभरात टाकी अधिकाधिक जड होते. भर घालायला आरओचं शुद्ध पाणी वापर. आरओतून वाया जाणारं पाणी टाकीत घालू नको, त्यात क्षार आधीच गोळा झालेले असतात.

खिडकीला वाळ्याचा पडदा लाव, दुपारी टाकीचा दिवा बंद ठेव, कुलर खोलीत चालू असेल तर उत्तम. मे महिन्यात खाणं निम्म्यावर आण आणि सकाळी लवकर घाल. दुपारी बारा ते पाच टाकीत काहीही घालायचं नाही.

थंडीचं थोडक्यात सांगतो. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या जवळ येतो, तेव्हा हीटर लागतो. २०० वॉटचा घे. ऑस्कर काचेचा हीटर शेपटीच्या फटक्यानं फोडतो, म्हणून भोकं पाडलेल्या पीव्हीसी पाइपात घालून ठेव. हात घालण्याआधी पिन काढ, आणि पिन काढल्यावर पंधरा मिनिटं थांबून मगच हीटर पाण्याबाहेर घे.

६. लाईट गेल्यावर घड्याळ बघ

लाईट गेली की मासा लगेच मरेल म्हणून पोरं घाबरतात. ऑस्कर त्या बाबतीत चिवट आहे. अ‍ॅमेझॉनच्या पूरमैदानांतल्या पाण्यात प्राणवायू रात्री फार खाली जातो, तिथं तो टिकून आलाय. प्राणवायू अगदी कमी झाला तरी मोठा ऑस्कर काही तास तग धरतो, असं ब्राझीलमधल्या संशोधकांनी प्रयोग करून दाखवलंय. लहान पिल्लात तेवढा दम नसतो.

आधी मरतात ते फिल्टरमधले जिवाणू. त्यांना वाहतं, हवेशीर पाणी लागतं. बंद डब्याच्या कॅनिस्टरमध्ये लाईट गेल्यावर दोन-तीन तासांत आतला प्राणवायू संपतो आणि घाण सडू लागते. लाईट आली की मोटर ते सडलेलं पाणी थेट टाकीत ओतते. मासा लाईट नव्हती तेव्हा जगला आणि आल्यावर मेला, असं लोक सांगतात ते यामुळं. दोन तासांहून जास्त लाईट गेली तर कॅनिस्टर उघड, आतलं पाणी मोरीत ओत, टाकीतल्या पाण्यानं स्पंज विसळ, मगच सुरू कर. टॉप फिल्टर उघडा असतो, त्यातला स्पंज ओला आणि हवेत राहतो, त्याला एवढा धोका नाही.

घरात इन्व्हर्टर असेल तर टीव्हीच्या आधी हवेची मोटर त्यावर घे. ती पाच-दहा वॉट खाते, रात्रभर चालेल. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवर चालणारी हवेची मोटर मिळते, ती घेऊन ठेव. तेही नसेल तर तांब्या घे आणि टाकीतलंच पाणी उचलून फूटभर उंचीवरून परत ओत. पाच-दहा मिनिटं हे कर, थोड्या वेळानं पुन्हा. आणि लाईट नसताना माशाला खायला घालू नको.

७. पाण्याचा हिशेब घरच्यांसमोर मांड

आठवड्याला पाव ते तिसरा हिस्सा पाणी बदलायचं. म्हणजे दर खेपेला साठ-सत्तर लिटर, चार-पाच बादल्या. जल जीवन मिशननं गावात माणशी रोजचं पाणी ५५ लिटर धरलंय. म्हणजे तुझा मासा आठवड्याला एका माणसाच्या दिवसभराच्या पाण्याहून थोडं जास्त पाणी मागणार.

तू लातूरचा आहेस, तुला हे वेगळं सांगायला नको. २०१६ च्या एप्रिलमध्ये मांजरा कोरडं पडलं आणि मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. १२ एप्रिलला पहिली गाडी आली तेव्हा तिच्यात पाच लाख लिटर पाणी होतं. त्याआधी पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदीचं १४४ कलम लावावं लागलं होतं. असा उन्हाळा पुन्हा येणारच नाही असं कुणी सांगू शकत नाही. शेजारी घागरी घेऊन रांगेत उभे असताना तू पाच बादल्या मोरीत ओतल्यास तर ते तुलाच बरं वाटणार नाही.

म्हणून ते पाणी दोनदा वापर. टाकीतून काढलेल्या पाण्यात नायट्रेट असतं, झाडांना ते खत. कढीपत्ता, जास्वंद, गच्चीवरची वांगी-मिरची, सगळ्यांना चालतं. झाडं नसतील तर संडासाच्या बादलीत जाऊ दे. मात्र टाकीत मीठ किंवा औषध घातलं असेल तेव्हा ते पाणी झाडांना घालू नको. असं केलंस तर मासा घरात नवीन पाणी मागत नाही, घरातलंच पाणी मधे थांबवून घेतो. घरच्यांशी हे आधीच बोलून घे. ज्या घरात माशाच्या पाण्यावरून दर आठवड्याला वाद होतो तिथं पाणी बदलायचं राहतं, आणि मासा त्यातच जातो.

टंचाईत पाणी मिळणारच नसेल तर खाणं आणखी कमी कर. वीतभर वाढलेला ऑस्कर आठवडाभर उपाशी राहिला तरी काही होत नाही. पाणी न बदलता पोटभर खाणारा मात्र आजारी पडतो.

८. भीक मागतो म्हणून घालू नको

ऑस्कर काचेशी येतो, सगळं अंग हलवतो, तोंड उघडतो, पाणी उडवतो. पाहुणे म्हणतात, "भुकेला दिसतोय." तो तसा कायमच दिसतो. लहान पिल्लाला दिवसातून दोनदा थोडं थोडं, सहा इंचांच्या पुढं गेला की एकदा. दोन मिनिटांत संपेल एवढंच. आठवड्यात एक दिवस उपास. मी शनिवार धरतो, तू कोणताही धर.

मुख्य खाणं म्हणजे चांगले दाणे, मोठ्या सिक्लिडांसाठीचे. डबा मोठा घेऊ नको. उघडलेला डबा उन्हाळ्यात लवकर खवट होतो. जोडीला सोललेली कोळंबी, किंवा ताजे झिंगे धुऊन फ्रीजरमध्ये ठेवलेले. शिजवून साल काढलेला मटार पोट साफ ठेवतो. मटणाचे, चिकनचे तुकडे नको. त्यातली चरबी माशाच्या पोटात पचत नाही. दुकानातले जिवंत गप्पी नको, ते सोबत रोग आणतात.

गांडूळ ऑस्करला फार आवडतं, पण गांडूळखताच्या खड्ड्यातलं लाल-पट्टेरी गांडूळ अंगातून कडवट द्रव सोडतं. ते टाकलंस तर बहुतेक मासे थुंकून देतील. पावसाळ्यात साध्या मातीत निघतं ते घे, आणि फवारणी न झालेल्या जागेतलं घे. सोयाबीनच्या शेतातले नाकतोडे पोरं हौसेनं धरून आणतात. त्या शेतात काय आणि केव्हा फवारलंय ते तुला ठाऊक नसतं, म्हणून ते टाकीत नको.

९. हवेच्या मोटरीवर लक्ष असू दे

ही गोष्ट कुठल्या डबीवर लिहिलेली नसते. हवेची मोटर खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडते. खोलीत मच्छर अगरबत्ती जळत असेल, लिक्विड लावलेलं असेल, झुरळांचा स्प्रे मारला असेल, तर ते सगळं बुडबुड्यांतून पाण्यात जातं. डास मारणारी ही औषधं माणसाला फारशी बाधत नाहीत, पण माशाला अगदी थोडीही घातक. टाकी असलेल्या खोलीत मच्छरदाणी वापर. गल्लीत धुराची फवारणी आली तर खिडक्या लाव, टाकीवर ओली चादर टाक आणि फवारणी पांगेपर्यंत हवेची मोटर बंद ठेव.

हाताचंही तेच. साबण, डोक्याचं तेल, शेतावरून आल्यावर हाताला लागलेलं औषध, काहीही पाण्यात जाऊ देऊ नको. टाकीची बादली आणि मग वेगळे ठेव, त्यावर खूण कर आणि आईला सांगून ठेव, नाहीतर त्याच बादलीत कपडे भिजतील.

१०. रुसतो तेव्हा त्याला एकटा सोड

पाणी बदललंस किंवा गोटा हलवलास की ऑस्कर कधी कधी आडवा होऊन तळाशी पडतो, रंग फिका पडतो. नवा माणूस घाबरून औषधाची बाटली शोधतो. कल्ले शांत चालत असतील तर काही करू नको. दिवा बंद कर, समोरून हल. तासा-दोन तासांत उठतो.

शेपटीजवळ त्याला नारिंगी कडा असलेला काळा डोळा असतो. तो खोटा आहे. शेपूट कुरतडणाऱ्या पिरान्हाला फसवायला तो असावा असं मानतात. एकटा ऑस्करही कधी कधी अंडी घालतो. मादी असेल तर सपाट गोटा तोंडानं घासून लख्ख करते आणि शेकड्यानं अंडी टाकते. नर नसल्यानं ती दोन-तीन दिवसांत पांढरी पडतात. काढून टाक, एवढंच.

काच साफ ठेवायला म्हणून दुकानदार सकर मासा देऊ बघेल. घेऊ नको. तो स्वतः फुटाहून मोठा होतो, खातो त्याहून जास्त घाण करतो आणि रात्री मोठ्या माशाच्या अंगाला चिकटतो. काचेवरचं शेवाळ तू स्वतः खरवड.

११. आजार ओळख, पण डॉक्टर होऊ नको

डोक्यावर खळगे पडू लागले, विष्ठा पांढरी झाली, खाणं सुटलं, तर सगळ्यात आधी पाणी बदल. निम्म्या तक्रारी तिथंच मिटतात. अंगावर मीठ शिंपडल्यासारखे बारीक ठिपके दिसले तर तापमान हळूहळू ३० वर ने, हवा वाढव, आणि दहा लिटरला १०-२० ग्रॅम खडे मीठ विरघळवून दोन दिवसांत थोडं थोडं घाल. हा आजार थंडीत येतो, उन्हाळ्यात क्वचित.

त्यापुढं गेलं की दुकानदाराच्या निळ्या-पिवळ्या बाटल्यांवर पैसे घालवू नको. तुमच्या जिल्ह्यातच उदगीरला मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, पशुवैद्यक महाविद्यालयही आहे. तिथं जाऊन विचार. जाताना माशाचा मोबाईलवरचा व्हिडिओ ने, टाकीतलं पाणी स्वच्छ बाटलीत ने, आणि खाणं, पाणी बदलल्याच्या तारखा लिहून ने. त्या लिहिलेल्या नसतील तर आजपासून लिहायला लाग.

१२. नदीला देऊ नको

बदली झाली, टाकी फुटली, मासा डोईजड झाला, म्हणून गोदावरीत किंवा मांजरेत सोडून पुण्य घ्यायचं नाही. तिलापिया हाही सिक्लिडच. १९५२ साली तो खाण्यासाठी म्हणून भारतात आणला गेला. आज उजनी धरणाच्या पाण्यात बघ, जाळ्यात चिलापीच, म्हणजे हाच तिलापिया, निघते. घरच्या टाक्यांतून सुटलेला सकरही तिथं पोचलाय, आणि त्याच्या काट्यांनी मच्छिमारांची जाळी फाटतात. एक मासा सोडल्यानं काय होतंय, असं प्रत्येक सोडणाऱ्याला वाटलं होतं.

मासा जड झाला तर मला फोन कर. नांदेडमध्ये, हैदराबादेत मोठ्या टाक्यांची माणसं मला ठाऊक आहेत. कुणीतरी घेईल. न्यायला झाकणाचा रंगाचा मोठा डबा, अर्धा पाणी आणि बॅटरीची हवेची मोटर पुरते. आदल्या दिवशी त्याला खायला घालायचं नाही.

आता क्रम सांगतो. ज्येष्ठात टाकी आणि स्टँड घे, काचेचे जोड वाळू दे, भरून आठवडाभर गळती बघ. आषाढात इकडं ये, स्पंज ने, फिल्टर चालू ठेव, पाणी तपास. श्रावणात मासा घे, एकच. फाल्गुनात पंखा, जाळी, वाळ्याचा पडदा आणि बॅटरीची मोटर तयार ठेव. वैशाख निघाला आणि मासा धडधाकट असला, तर मग सहा फुटी टाकीचं बोलू. आषाढात येताना रिकामा डबा घेऊन ये, झाकणाला भोकं पाडून.